एस्पेरांतोत नणंदेला काय म्हणतात

एस्पेरांतोत नणंदेला बोफ्रातीनो म्हणतात. मेहुणीलाही बोफ्रातीनोच. आणि वहिनीला? तेच, बोफ्रातीनो. नवऱ्याची बहीण, बायकोची बहीण, भावाची बायको, थोरली असो नाहीतर धाकटी, सगळ्या मिळून एका शब्दात, आणि बोलताना लोक जाऊबाईंनाही त्यातच बसवतात. मी ही मुद्दाम रचलेली भाषा फोनवरच्या ॲपवर शिकायला लागले तेव्हा बाकीचं व्याकरण भराभर डोक्यात गेलं, पण नात्यांच्या धड्यापाशी जी थांबले ती थांबलेच, कारण आपली भाषा नात्यांची नावं कशी ठेवते याचा विचार आपण कधी करतच नाही ना, ती आजीच्या तोंडून येतात आणि आपण वापरतो. इथे मात्र एका माणसानं टेबलाशी बसून ठरवलंय की कुणाला नाव द्यायचं आणि कुणाला नाही. मला हे फार मोठं काम वाटतं, आणि त्या माणसानं ते कसं केलं हे बघताना मी कधी खूष होते, कधी चक्क भांडते त्याच्याशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. लुडविक झामेनहॉफ, डोळ्यांचे डॉक्टर, जन्म १८५९, गाव बियालिस्तोक, तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आता पोलंडमध्ये. गावात ज्यू, पोलिश, रशियन, जर्मन असे सगळे राहायचे आणि एकमेकांवर डाफरायचे, आणि या मुलाला वाटायचं की सगळ्यांची मिळून एक सोपी भाषा असती तर बरं झालं असतं. शाळेत असतानाच त्यानं पहिला प्रयत्न करून पाहिला आणि शेवटी जुलै १८८७ मध्ये वॉर्सातून एस्पेरांतोचं पहिलं छोटं पुस्तक निघालं. त्याचा खर्च कुणी केला माहितीये? होणाऱ्या सासऱ्यांनी. आताच्या लिथुएनियातल्या कौनासचे साबणाचे कारखानदार होते ते, आणि पुस्तक निघाल्यावर दोनेक आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, त्यांची मुलगी क्लारा हिच्याशी झामेनहॉफचं लग्न झालं. म्हणजे सासरे या नात्याला ही भाषा जन्मापासून देणं लागते.

आणि सासऱ्यांना एस्पेरांतोत काय म्हणतात तर बोपात्रो. पात्रो म्हणजे वडील. पुढे बो लावलं की लग्नानं जोडलेलं नातं. हा बो फ्रेंचमधून आलाय, फ्रेंचमध्ये सासऱ्यांना बो-पेर म्हणतात त्यातला. मग बोफ्रातो म्हणजे मेहुणा, दीर, बहिणीचा नवरा, तिन्ही. बोफीलो म्हणजे जावई. बोफीलीनो म्हणजे सून. बाईमाणूस असेल तर शब्दाच्या पोटात ईन घालायचं, हे जर्मनमधून घेतलंय, फ्रातो भाऊ आणि फ्रातीनो बहीण, फीलो मुलगा आणि फीलीनो मुलगी, आवो आजोबा आणि आवीनो आजी, नेपो नातू आणि नेपीनो नात. (नेपो आणि आपला नातू हे खरंच लांबचे भाऊ आहेत बरं का, एक लॅटिनच्या घरचा आणि दुसरा संस्कृतच्या, मूळ एकच. फ्रातो आणि भ्राता तर कुणालाही ऐकूनच कळेल.) ओन्क्लो मध्ये काका, मामा, आतोबा, मावसोबा सगळे. कूझो म्हटलं की चुलत, मावस, आते, मामे सगळी भावंडं एका पोत्यात. आणि प्रा लावलं की पिढी एक पायरी लांब जाते, प्राआवो पणजोबा, प्रानेपो पणतू. धातू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात हे दोन-तीन प्रत्यय, झालं, घर उभं.

झामेनहॉफनं १९०५ साली भाषेचा पाया म्हणून एक पुस्तक पक्कं केलं, त्यात व्याकरण, शब्दकोश आणि सरावाची वाक्यं आहेत. त्या सरावातला एक उतारा मला इतका आवडतो की जवळजवळ पाठ झालाय. एक माणूस आपलं सासर समजावून सांगतोय. माझ्या बायकोचे वडील म्हणजे माझे बोपात्रो, मी त्यांचा बोफीलो, आणि माझे वडील हे माझ्या बायकोचे बोपात्रो. बायकोचे सगळे नातेवाईक माझे बोपारेन्त्सोय, तिचा भाऊ माझा बोफ्रातो, तिची बहीण माझी बोफ्रातीनो, आणि माझी भावंडं तिची तसलीच. मग पुढे म्हणतो, माझ्या पुतण्याची बायको आणि माझ्या बायकोची भाची, दोघी माझ्या बोनेवीनो. आणि मग गाडी वेगळ्याच रस्त्याला लागते, जी बाई स्वतः औषधपाणी करते ती एक, आणि डॉक्टरची बायको ती वेगळी, दोघींना वेगळे शब्द. आपल्याकडे डॉक्टरीणबाई म्हटलं की विचारावं लागतं, स्वतः डॉक्टर की डॉक्टरांची मिसेस, तो घोळ यानं तेव्हाच मिटवून ठेवला! आणि त्याच्या पाठोपाठ ते वाक्य, तो धोबी नाही, तो धोबिणीचा नवरा आहे. लावीस्तीनेद्झो. एका शब्दात. बाईच्या कामावरून नवऱ्याची ओळख सांगणारा शब्द त्या काळच्या सरावपुस्तकात बसलाय, आणि तो काही चेष्टा म्हणून नाही, व्याकरणाचा साधा नमुना म्हणून.

या उताऱ्यात एक गोष्ट नीट बघा. बायकोच्या बाजूचे आणि नवऱ्याच्या बाजूचे, दोन्हीकडे तेच शब्द, त्याच मापाचे. माझे वडील तिचे बोपात्रो, तिचे वडील माझे बोपात्रो. इथेच मी झामेनहॉफच्या प्रेमात पडले असं म्हणायला हरकत नाही.

कारण त्याच्या आजूबाजूच्या भाषा अशा नव्हत्याच. आपल्याला वाटतं युरोपात सगळीकडे इंग्रजीसारखं अंकल-आंटीवर भागतं, पण रशियन घ्या. बायकोचा भाऊ शूरिन. नवऱ्याचा भाऊ देवेर. नवऱ्याची बहीण झोलोव्का. बायकोची बहीण स्वोयाचेनित्सा, आणि तिचा नवरा, म्हणजे आपला साडू, स्वोयाक. बाईचे सासरे स्व्योकोर आणि सासू स्वेक्रोव, तर पुरुषाचे सासरे तेस्त आणि सासू त्योश्चा, पूर्ण वेगळे शब्द. देवेर म्हणजे संस्कृतातला देवर, म्हणजे आपला दीर, स्वेक्रोव म्हणजे श्वश्रू, म्हणजे आपली सासू. आणि जुन्या रशियनमध्ये जावेला यात्रोव, संस्कृतात यातृ, मराठीत जाऊ! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घरात ओरडून सगळ्यांना सांगत सुटले होते. हजारो वर्षं, हजारो मैल, आणि दोन भावांच्या बायकांचं नातं दोन्हीकडे त्याच शब्दानं टिकून राहिलं. पोलिशमध्येही आईचा भाऊ वूय आणि वडिलांचा भाऊ स्त्रिय असा मामा-काकांचा भेद होता, आता बोलण्यातून तो बराच पुसला गेलाय.

म्हणजे झामेनहॉफला नणंद म्हणजे काय, साडू म्हणजे काय हे माहीत नव्हतं असं नाही. रशियन त्याच्या घरात बोलली जायची, यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, आईची होती, तरुणपणी त्यानं यिडिशचं व्याकरणसुद्धा लिहिलंय, पोलिश रस्त्यावर होती. सगळं कपाट त्याच्यासमोर उघडं होतं आणि त्यानं त्यातलं मुद्दाम थोडंच घेतलं. कारण उघड आहे, जपानमधल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाला झोलोव्का पाठ करायला लावायचं नव्हतं त्याला, थोडक्यात शिकता येईल अशी भाषा हवी होती. पण कारण काही का असेना, परिणाम असा झाला की सुनेनं सासरच्यांना एका नावानं ओळखायचं आणि जावयानं दुसऱ्या, हा फरकच भाषेतून गेला.

आता हे मी सून म्हणून बोलतेय. आपल्याकडे नवऱ्याची बहीण वयानं लहान असली तरी तिला वन्सं म्हणायचं, दीर धाकटा असला तरी भावोजी, आणि तोच नवरा आपल्या माहेरी येऊन माझ्या धाकट्या भावाला सरळ नावानं अरे-तुरे करणार. आता पुष्कळ घरांत हे सैल झालंय, माझ्या पिढीत नणंदेला नावानंच हाक मारतात, पण माझ्या सासूबाईंच्या पिढीपर्यंत ते कडक होतं, त्या अजूनही त्यांच्या धाकट्या नणंदेला अहो वन्सं म्हणतात आणि त्या नणंदबाई यांना वहिनी तू. त्यांच्या आधीच्या पिढीत तर सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत होती. त्याचं मूळ नात्यात लग्नं व्हायची त्यात आहे, मुलगी मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी दिली की सासरे मामाच असणार आणि सासू आत्याच असणार. इरावती कर्वेंनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिलं त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून येतो, दोन्हीकडच्या चाली इथे मिसळलेल्या, मामाच्या मुलीशी लग्न कितीतरी जातींत चालतं आणि आत्याच्या मुलीशी सहसा नाही, वगैरे. हे सगळं त्या मामंजी-आत्याबाईत साठलेलं आहे, आणि ते मला जपावंसंही वाटतं. पण वन्सं आणि भावोजी मधली ती वरची-खालची पायरी मला नको आहे, आणि एस्पेरांतोत ती नाहीच. तिथे माझी नणंद माझी बोफ्रातीनो आणि मी तिची बोफ्रातीनो. दोघी एकमेकींना तोच शब्द वापरतो. त्यात भर म्हणजे वी हे सर्वनाम, ते तू पण आणि तुम्ही पण, सगळ्यांना एकच. मी एकदा हे सासूबाईंना समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या, मग धाकटेपणा कळणार कसा? त्यांच्यासाठी तो खरा प्रश्न आहे आणि त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण मला तो कळावासाच वाटत नाही.

पण मामा. मामाचं काय करायचं?

माझी एक पत्रमैत्रीण आहे हंगेरीतली, आम्ही एस्पेरांतोतच लिहितो. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो तिला पाठवले तर तिनं विचारलं, अंतरपाटापाशी मुलीच्या मागे उभा आहे तो माणूस कोण. मी लिहिलं, ओन्क्लो. तिनं विचारलं, ओन्क्लोच का, वडील का नाहीत? आणि मला कळेना कुठून सुरुवात करू. मुलीच्या मामानं मुलीला घेऊन या असं गुरुजी माइकवर ओरडतात ते, बाळाला पहिला घास मामानं भरवायचा, जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, चांदोमामापासून झुकझुक गाडीपर्यंत सगळीकडे मामाच बसलाय, आणि तिकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, मामीचा नाही, मावशीचा नाही. हे मान-पान शब्दाला चिकटून येतात. ओन्क्लो म्हटल्यावर त्या फोटोतला माणूस तिथे का उभा आहे तेच कळत नाही. मी शेवटी लांबलचक पत्र लिहिलं. तिनं उलट लिहिलं की त्यांच्या भाषेत थोरला भाऊ बाच, धाकटा भाऊ ओच, थोरली बहीण नोव्हेर, धाकटी बहीण हूग असे चार वेगळे शब्द आहेत आणि तिला एस्पेरांतोत फ्रातो लिहिताना दर वेळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. म्हणजे ती तिकडे दादा शोधत होती आणि मी इकडे मामा!

मग मी जरा खोलात गेले, आणि लक्षात आलं की ही भाषा शब्द देत नाही पण शब्द करायला देते. धातू एकमेकांना जोडायचे, शेवटी ओ लावायचा, व्याकरण खूष. आईचा भाऊ, पात्रीनफ्रातो. तो मामा. त्याची बायको पात्रीनफ्रातेद्झीनो, ती मामी. वडिलांची बहीण पात्रफ्रातीनो, ती आत्या. नवऱ्याची बहीण एद्झफ्रातीनो, आली नणंद. भावाची बायको फ्रातेद्झीनो, वहिनी. बायकोच्या बहिणीचा नवरा एद्झीनफ्रातीनेद्झो, हा साडू, श्वास घेऊन म्हणायला लागतो पण कुठल्याही एस्पेरांतो येणाऱ्या माणसाला, तो फिनलंडचा असो की कोरियाचा, पहिल्या वाचनात कळतो. आणि नवऱ्याच्या भावाची बायको एद्झफ्रातेद्झीनो, जाऊबाई. मी सगळ्या घराचा असा तक्ता करून त्या मैत्रिणीला पाठवला आणि तिनं तिच्या आईबरोबर बसून वाचला. आता आमच्या पत्रांत मामा पात्रीनफ्रातोच असतो.

माझं भांडण जे आहे ते दुसऱ्याच जागी आहे. आईला पात्रीनो म्हणतात. पात्रो वडील, त्यात ईन घातलं की आई. म्हणजे आई ही बाई असलेला बाप. मी कितीही प्रेमानं बघितलं तरी हे मला पटत नाही, आणि गेली शंभर वर्षं पुष्कळ एस्पेरांतोवाल्यांनाही पटलेलं नाही. जगातल्या बहुतेक भाषांत आई आणि बाप हे दोन स्वतंत्र शब्द असतात, बाळाच्या तोंडून पहिल्यांदा निघणारे आवाज असतात ते, आणि इथे आईला स्वतःचा धातूच नाही. आपल्याकडे बघा, काका-काकू, मामा-मामी मध्ये बाई नवऱ्याच्या शब्दातून येते हे खरं, पण आत्या आणि मावशी या आपल्या पायावर उभ्या आहेत, आणि त्यांचे नवरे, आतोबा आणि मावसोबा, हे त्यांच्या नावातून आलेत. रक्ताचं नातं जिकडे तिकडे मूळ शब्द, लग्नानं आलेला त्याला जोडून. हा हिशोब सरळ आहे. झामेनहॉफनं मात्र रक्ताच्या नात्यातही बाईला पुरुषामागे उभं केलं. त्यानं ते वाईट हेतूनं केलं असं मी म्हणणार नाही, ईन प्रत्यय एकदा घेतला की निम्मे शब्द वाचतात, त्याला तेच हवं होतं. गंमत म्हणजे एद्झीनो, बायको, या शब्दाची व्युत्पत्ती देतात ती उलटी आहे, जर्मनमधल्या राजपुत्राच्या पत्नीच्या शब्दाचं शेपूट तोडून आधी बायको तयार झाली आणि तिच्यातून ईन काढून नवरा, एद्झो. निदान एका ठिकाणी तरी नवरा बायकोतून आला.

हे बदलायचे प्रयत्न झालेत. कुणी पुरुषांसाठी वेगळा इच प्रत्यय सुचवला, म्हणजे मूळ शब्द दोघांचा आणि मग हवं तर ईन नाहीतर इच. त्यातला इच अजून थोडक्यांच्याच तोंडी आहे, पण तो आणि ती सोडून री हे तिसरं सर्वनाम आता तरुण मंडळींत बऱ्यापैकी वापरतात. आणि गे नावाचा एक जुना प्रत्यय आहे, तो दोघांना एकत्र आणतो. गेपात्रोय म्हणजे आईवडील, गेफ्रातोय म्हणजे भावंडं, गेएद्झोय नवरा-बायको. नियमाप्रमाणे तो अनेकवचनातच चालतो, पण आता लोक गेपात्रो असं एकवचनी वापरायला लागलेत, पालक या अर्थानं, आणि त्यावरून जुनी मंडळी चिडतात. मला गेपात्रो आवडतो. पण पात्रीनो काही जाणार नाही, कारण १९०५ चं ते पायाचं पुस्तक बदलायचं नाही असं सगळ्यांनी मान्य केलंय, आणि त्याला हात लावायचा नाही म्हणूनच ही भाषा फाटाफुटीतून वाचली, हेही तितकंच खरं आहे.

याच्या बरोबर उलटं एका बाईनं करून दाखवलंय. सुझेट हेडन एल्गिन, अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ, तिनं १९८२ मध्ये लादान नावाची भाषा रचायला घेतली, बायकांना जे बोलायचं असतं त्यासाठी शब्द हवेत म्हणून. त्यात थुल म्हणजे आई, आणि वडील? थुलिद. मूळ शब्द बाईचा आणि पुरुषासाठी इद जोडायचं. विथ म्हणजे बाई, विथिद म्हणजे पुरुष. लादान फार कुणी बोलत नाही, पण पात्रीनो आणि थुलिद शेजारीशेजारी ठेवून बघितले की एका माणसाच्या हातात केवढं असतं ते दिसतं. बाकी सिनेमा-टीव्हीसाठी केलेल्या भाषांवालेही नात्यांवर मेहनत घेतात, मार्क ओक्रँडनं स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉनमध्ये मामाला वेगळा आणि काकाला वेगळा शब्द दिलाय, आणि गेम ऑफ थ्रोन्ससाठी केलेल्या डेव्हिड पीटरसनच्या हाय व्हॅलिरियनमध्ये धाकटा भाऊ वालोनकार आणि थोरला लेकिया, थोरली बहीण मांदिया आणि धाकटी हाएदार, म्हणजे दादा-ताईची सोय. ती माणसं परकी वाटावीत म्हणून असं केलं जातं, आणि आपल्याला मात्र वाचताना घरच्यासारखं वाटतं.

एस्पेरांतोची गोष्ट या सगळ्यांपेक्षा वेगळी अशासाठी की ती खऱ्या घरांत बोलली जाते. एस्पेरांतोच्या संमेलनांना, शिबिरांना दोन देशांची दोन माणसं भेटतात, त्यांच्यात दुसरी भाषा समान नसते, लग्न होतं, मुलं होतात. इतकं होतं की त्यावर त्यांचा एक जुना शब्द आहे, एद्झपेरांतो, भाषेच्या नावातच नवरा घालून, म्हणजे ही भाषा लग्नं जुळवणारी. आणि अशा घरांतली मुलं देनास्कुलोय, जन्मापासून बोलणारी. बऱ्याच घरांत वडील मुलांशी एस्पेरांतो बोलतात आणि आई तिची भाषा. ही मुलं पात्रो-पात्रीनो म्हणत नाहीत, त्यांचं पाच्यो आणि पान्यो. च्य आणि न्य हे लाडाचे प्रत्यय आहेत, झामेनहॉफनंच दिलेले, शब्दाची पहिली काही अक्षरं ठेवून बाकीची तोडायची मुभा देऊन. पान्यो ऐकताना मला ईनची आठवणही होत नाही. आजीला आवीन्यो. परक्यांना मात्र नात्यानं हाक मारायची रीत नाही, आपण एसटीत कंडक्टरला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो तसं तिथे कुणी म्हणत नाही, तिथे सामिदेआनो म्हणतात, एका विचाराचा माणूस, आणि पत्राच्या सुरुवातीला ते वाचलं की त्यात नात्यासारखी ऊब असते. आपल्या विनोबांनीही १९६० च्या आसपास पदयात्रेत तिबोर सेकेल नावाच्या युगोस्लाव्ह प्रवाशाकडून एस्पेरांतो शिकून घेतली होती. जय जगत म्हणणाऱ्या माणसाला ती आवडली नसती तरच नवल.

आणि झामेनहॉफचं स्वतःचं घर. तो १९१७ ला गेला. त्याची तीन मुलं, अ‍ॅडम, झोफिया, लिडिया. लिडिया तर भाषा शिकवत देशोदेशी फिरायची. नाझींनी अ‍ॅडमला १९४० साली गोळ्या घातल्या, झोफिया आणि लिडिया १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारल्या गेल्या. अ‍ॅडमचा मुलगा वाचला, पुढे फ्रान्समध्ये इंजिनियर झाला आणि २०१९ पर्यंत जगला, आणि जगभरचे एस्पेरांतोवाले त्याला झामेनहॉफचा नेपो म्हणूनच ओळखायचे. सगळ्या माणसांचं एक कुटुंब व्हावं म्हणून ज्यानं भाषा केली त्याच्या कुटुंबाचं हे झालं. मला यावर पुढे काही लिहवत नाही.

तक्त्यातली एक जागा उरली होती, व्याही आणि विहीण. इंग्रजीत तर या नात्याला धड शब्दच नाही, पण रशियनमध्ये स्वात आणि स्वात्या, आणि यिडिशमध्ये मेखुतन आणि मखेतेनेस्ते, म्हणजे झामेनहॉफच्या आईच्या तोंडी हे शब्द नक्की असणार. तरी पायाच्या पुस्तकात यांचा पत्ता नाही. बो लावून होईना, कारण ते माझे सासरचे नाहीत, माझ्या मुलांच्या सासरचे आहेत. मग जोडाजोड करून बघितली. सुनेची आई, बोफीलीनपात्रीनो. जावयाची आई, बोफीलपात्रीनो. आणि लक्षात आलं की मराठीत दोघी विहीणबाईच, मुलीकडची की मुलाकडची हे वेगळं सांगावं लागतं, आणि विहिणीच्या पंगतीत कुणाचे पाट आधी मांडायचे यावर तर घरं रुसलीयेत, आणि इथे ईन असण्या-नसण्यावरून ते शब्दातच कळतं. हंगेरीच्या मैत्रिणीला हे दोन्ही लिहून पाठवलेत. तिच्या मुलाचं लग्न ठरतंय, तिला लवकरच लागणार आहेत.